खळ्यातली लाल गाडी

जुनी बस विकत घेणाऱ्याला लोक आधी वेडा म्हणतात आणि मग तीच बस बघायला येतात. माझ्या वाट्याला दोन्ही आलं. एसटीच्या लिलावात भंगारवाल्यानं घेतलेली लाल गाडी मी तिचे तुकडे व्हायच्या आधी त्याच्याकडून उचलली आणि ट्रॅक्टरनं ओढत कुरुंद्याच्या पुढं, आमच्या खळ्यात आणून उभी केली. बायकोनं कंबरेवर हात ठेवून पाहिलं. "आता हळद काय माझ्या डोक्यावर वाळवू?" एवढंच म्हणाली.

हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल, पण कंबरदुखी असते. पत्रा असा गंजलेला, की खरवडायला गेलं तर हाताला गंज कमी आणि भोकंच जास्त लागायची. डिझेल पंप नांदेडला पाठवला, तसाच परत आला, पुन्हा पाठवला. मिस्त्री वसमतचा, जुन्या गाड्यांत आयुष्य गेलेला. तो दर वेळी "झालंच समजा" म्हणायचा आणि मी समजत राहायचो. दोनदा वाटलं, द्यावी परत भंगारात. या वयात कशाला ही नसती उठाठेव?

शेजारच्या तांड्यावरची एक बाई आमच्याकडं खुरपणीला यायची. तिची मुलगी वसमतच्या कॉलेजात अकरावीला होती. गावाकडं येणारी एसटी बंद झाली आणि मुलगी घरी बसली. हे मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. बाई दुपारची भाकर झाली की गाडीत चढायची आणि कुणी न सांगता सीटा पुसायची. मी म्हणायचो, "बाई, राहू द्या." ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या कसं? घाणीत बसायचं का कुणी?" मला वाटायचं, स्वभावच असेल तिचा.

एकदाचं इंजिन लागलं. काळा धूर ओकत गाडी थरथरली आणि मी लहान पोरासारखा ओरडलो. त्याच संध्याकाळी समोर काचेच्या वर पाटी बसवली: वसमत. पाटीशिवाय गाडीचं कपाळ रिकामं दिसत होतं, आणि जुन्या गाड्यांची हौस असणाऱ्या मित्रांना फोटो पाठवायचा होता. फोटो गेला, वाहवा आली, मी झोपलो.

सकाळी पुन्हा सेल्फ मारून पाहिला. पहिल्या झटक्याला लागली. मी सीटवर बसून नुसता आवाज ऐकत होतो, तेवढ्यात बांधावरून ती बाई पळत येताना दिसली. मागं मुलगी, इस्त्रीचा ड्रेस, पाठीवर दप्तर. दोघी धापा टाकत चढल्या.

"घावली बाई! आवाज आला आन् पळतच आलो, दादा. म्हनलं सुटती का काय."

मी इंजिन तसंच ठेवून मागं वळलो. सांगावं तर लागणारच होतं. "ताई, ही भंगारात निघालेली गाडी. हिचे कागद रद्द झालेत. रस्त्यावर नेता येत नाही. ही फक्त... बघायला आहे."

मुलीला आधी कळलं. ती उतरली आणि आईची वाट बघत खाली उभी राहिली. बाई मात्र पुसून ठेवलेल्या सीटवर तशीच बसून होती.

"नुसती बघायला?" ती म्हणाली. "मंग पाटी काहून लावली, दादा?"

फोटोसाठी लावली, हे तिच्या तोंडावर म्हणायची लाज वाटली. ती उठली, जाताना सवयीनं पदरानं दाराची दांडी पुसली, आणि दोघी आल्या वाटेनं परत निघाल्या. या वेळी सावकाश. इतके महिने राबून जेवढा थकलो नव्हतो, तेवढा त्या घटकेला थकलो. इंजिन चालूच होतं. ते बंद करायलाही माझा हात उचलेना.