तिन्हीसांजेची केरसुणी

माझ्या मुलानं आयर्लंडच्या मुलीशी तिकडंच लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली. ती पहिल्यांदाच निपाणीला आमच्या घरी येणार म्हटल्यावर माझ्या बायकोनं एकच धोशा लावला. "माझं एक तरी पटंल का हो तिला?" दिवसातून दहा वेळा हेच. मी मात्र खुशीत होतो. तीस वर्षं हायस्कूलमध्ये सायन्स शिकवलं, पण घरात माझं कुणी ऐकलं असेल तर शपथ. शनिवारी नखं कापायची नाहीत, मीठ हातावर द्यायचं नाही. आता माझ्या बाजूचं माणूस येणार, असं मी धरूनच चाललो होतो.

पहिले चार दिवस दोघी एकमेकींकडं बघून नुसत्या हसत. सून लाजून, बायको घाबरून. बोलायचं झालं तर मुलाला मध्ये घ्यावं लागे.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला माझ्या हातून चिवड्याची ताटली पडली. बायको देवापाशी दिवा लावत होती. तिच्या नकळत उरकावं म्हणून मी केरसुणी घेतली. सगळं उंबऱ्याबाहेर लोटणार, तोच देवघरातून "अहो!" आणि जिन्यावरून "नो, नो!" एकदमच आलं. सुनेनं धावत येऊन केरसुणी माझ्या हातातून काढून घेतली. मुलानं विचारलं तेव्हा म्हणाली, तिच्या आजीकडं अंधार पडल्यावर केर दाराबाहेर लोटत नाहीत, घराचं नशीब त्याबरोबर जातं.

बायको डोळे मोठे करून ऐकत राहिली. मग मुलाला म्हणाली, "आणि मीठ सांडलं तर काय करत्यात, इचार की रं."

झालं! सांडलेलं मीठ चिमूटभर डाव्या खांद्यावरून मागं टाकायचं. नवे बूट टेबलावर ठेवायचे नाहीत. तळहात खाजला की पैसे.

"आमच्यातबी खाजतोय!" बायको जवळजवळ ओरडलीच.

तासाभरानं मुलगा कंटाळून बाहेर गेला, तरी दोघींचं हातवाऱ्यांनी चालूच. मी चरफडत बसलो होतो. पण खरं सांगतो, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण डोकावली. "व्हय गं, तुझ्या सुनंला आपलं कायबी कळत नसंल न्हवं?"

"माझ्या सुनंला सगळं कळतंय," बायको म्हणाली. "न कळणारं माणूस ह्या घरात एकच हाय, आणि त्येनं तीस वर्षं पोरांस्नी सायन्स शिकवलंय."