जांभई पकडणारं मशीन

मॅनेजरनं पुन्हा जांभई दिली आणि मी "कट!" म्हणून ओरडले.

चितेगावच्या एका बंद शेडमध्ये आमच्या सिनेमाचा शेवटचा सीन चालला होता. शेड संध्याकाळपर्यंतच आमची. सीन झाला नाही तर सिनेमाला शेवटच नाही.

गोष्ट उद्याच्या कारखान्याची. गेटवर मशीन. जांभई दिसली की मशीन माणसाला कामचुकार ठरवणार आणि त्याच्या तोंडावर गेट बंद करणार. गोष्ट मीच लिहिली. कॉलेज सुटल्यापासून कंपन्यांच्या दारात पत्रकं वाटतेय. कामगाराचा चेहरा कॅमेऱ्यानं मोजायची शक्कल कुणाला सुचते, ते मला चांगलं ठाऊक आहे.

सीन साधा होता. रांगेत पुढं उभी कामगार रुखसानाआपा जांभई देते, गेट बंद होतं, मॅनेजर हसतो. पण आपा खरोखरच नाइट शिफ्ट करून आलेली. तिनं जांभई दिली की मागची अख्खी रांग द्यायची. आणि मॅनेजर झालेले नईमचाचासुद्धा. एकदा तर कॅमेरामनच्या जांभईनं कॅमेराच हलला.

"चाचा, तुम्ही जालीम आहात! जालीम माणूस जांभई देत नाही."

"जालिम को नींद नै आती क्या बेटा? अब्बीच खाना खाया मैं."

त्यांना लवंग चघळायला दिली. तोंडावर पाणी मारलं. आपाकडं पाठ करून उभं केलं. नुसत्या आवाजावर त्यांनी जांभई दिली. पत्र्यावरचं ऊन उतरायला लागलं.

शेवटी आपाच वैतागली. "मॅडम, चाचाची जांभई मशीन का पकडत नाय?"

"ते मॅनेजर आहेत."

"व्हय, पण मशीनला ते कुणी सांगितलं?"

रांग खिदळली. मी चिडले. "आपा, हा जुलमाचा सीन आहे. लोक हसतील!"

"हसू द्या की. रडायला घर हाय."

वाद घालायला वेळ नव्हता. कॅमेरा चालू केला. आपानं जांभई दिली, गेट बंद. चाचांनी दिली, मशीन कोकललं, चाचा कोट-टायसकट बाहेर. एका टेकमध्ये, म्हणजे एका दमात, सीन ओके.

पहिला खेळ शेंद्र्याच्या कारखान्यांजवळ लावला. चाचांच्या तोंडावर गेट बंद झालं तेव्हा शिट्ट्या थांबेनात. खेळ सुटल्यावर एका कंपनीचे एचआर साहेब मुद्दाम भेटायला आले.

"सिनेमा छान आहे मॅडम. फक्त एक टेक्निकल चूक आहे."

"कोणती?"

"आमच्या मशीनमध्ये ऑफिसर स्टाफचे चेहरे टाकलेलेच नाहीत."

आजवर मी पत्रकात 'यंत्राचा जुलूम' असं छापत आले. आता ते खोडलंय. यंत्र बिचारं दिसेल ती जांभई पकडतं. साहेबाला त्यातून वगळणारा माणूस असतो. पत्रकात त्याचा हुद्दा लिहावा, तोही ठळक अक्षरात.