देठ तोडलेला आंबा

आंब्याची पेटी उघडली की ती केस अजून डोळ्यांपुढे उभी राहते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण पोलिसात असल्याने लिखाणाचा सराव स्टेशन डायरीपुरताच. म्हणून जमेल तसं, कुणाचंही नाव न घेता लिहितो.

ऐन हंगामात हातखंब्याच्या एका चहावाल्याने खबर दिली. "सायेब, वरच्या हॉलात एक जण घरबसल्या आंबे विकायचा धंदा शिकवतोय. आधी शिकून गेलेल्या बायका आता शिव्या घालतायत. पण ठाण्यात कोण येणार नाय."

कोणी आलंही नाही. चोरी झाली तर माणूस ओरडत येतो, फसला तर गप्प बसतो. शेवटी आतल्या गावातली एक बाई आली. नवरा मुंबईला नोकरीला, घरची थोडी कलमं. हॉलातल्या त्या इसमाने वर्गासोबत विकलेल्या व्हिडिओ कोर्समध्ये सांगितलं होतं, देठ मुळापासून काढा, शहरातल्या गिऱ्हाइकाला पेटी सुबक दिसते. तिने काढले. चीक सालीवर ओघळला, फळं काळी पडली, आणि मुंबईत मेहनतीने जोडलेली गिऱ्हाइकं तुटली.

"देठ ठेवायचा हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मी विचारलं.

"ठाऊक होतं की. मामंजी ओरडत होते. पण ते फुकट सांगत होते ना, सायेब! पैसे भरून घेतलेलं तेच खरं वाटलं."

सोबत आलेले सासरे म्हणाले, "सही करू नको गो. गाव हसेल."

"हसूदेत. मी काय चोरी केलीय? ज्याने केली त्याने तोंड लपवावं." तिने फिर्यादीवर सही केली.

इसमाला चौकशीला बोलावलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो ताठ मानेने आला.

"साहेब, माहिती विकणं गुन्हा आहे का?"

"नाही."

"मग? प्रत्येकाचा धंदा चालतोच असं नाही. मेहनत त्यांनी करायची."

मुद्दा खोटा नव्हता. वरिष्ठही म्हणत होते, हे दिवाणी प्रकरण आहे, हात घालू नका. मी घातला. कारण जाहिरातीत त्याचं एक वाक्य होतं: 'माझ्या स्वतःच्या बागेतला अनुभव.' लोकांनी पैसे दिले होते ते त्या वाक्याला.

मी हवालदाराला ठाण्याच्या आवारातल्या झाडाचा एक आंबा देठासकट उतरवून आणायला सांगितलं. तो इसमापुढे ठेवला. "याचा देठ काढून दाखवा."

त्याने फळ छातीसमोर उभं धरलं आणि देठ मोडला. चिकाची चिळकांडी शर्टावर, गालावर उडाली. तो हाताने पुसायला गेला, तसा चीक आणखी पसरला.

हवालदाराला हसू आवरेना. "ओ बागायतदार, देठ खाली करून धरतात! धुवा आधी, नायतर गाल भाजेल."

तोंड धुऊन आल्यावर त्याची मान खाली होती. त्याने कबूल केलं, बाग एका दिवसापुरती भाड्याने घेतली होती. व्हिडिओत देठ काढणारे हात गड्याचे होते. हा नुसता बोलत होता. बागेच्या मालकाचा जबाब घेतला, पंचनामा करून मोबाईल जप्त केला आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

पुढे त्या बाईने स्वतःच वर्ग सुरू केला, फी घेऊन. गावातला एक जण मला येऊन म्हणाला, "आता हिच्यावर पण केस करा. ही तेच विकतेय."

तेच नाही. ज्याने हात भाजून घेतले त्याने त्याचं मोल मागितलं तर त्यात लाज कसली? गुन्हा होता तो न भाजलेल्या हाताचे पैसे घेण्यात. हे मी तेव्हाही ठणकावून सांगितलं, आजही सांगतो.

निवृत्तीनंतर माझ्या चार कलमांना आंबे धरले, तेव्हा मी तिच्याच वर्गात गेलो. तिने सुरुवातीलाच सगळ्यांपुढे स्वतःच्या काळ्या पडलेल्या आंब्यांचा फोटो धरला. "हे माझं काम. बघा, आणि मग ठरवा, पैसे द्यायचे का नाय."

मी फी पुढे केली. ती मागे सरली. "सायेब, तुमच्याकडनं कशी घेऊ?"

"घ्या. फुकट सांगाल, तर मी तरी कुठे ऐकणार आहे?"

दारात बसलेले सासरे पहिल्यांदा हसले. तिने फी घेतली.