वकीलसाहेबांची लोकसंख्या

माझ्या सासऱ्यांना पृथ्वीची फार काळजी होती. नागपुरात वकिली करणाऱ्या माणसाने पृथ्वीची काळजी करू नये असं नाही. पण ही काळजी ते कोर्टातून आल्यावर, पोटभर फराळ करून, आरामखुर्चीत पाय पसरून करत. मधूनच आतल्या दाराकडे तोंड करून ओरडत, "चहा आणा वं कोणी!"

दुसरं महायुद्ध अजून काही वर्षं लांब होतं. मध्यप्रांताची राजधानी म्हणून नागपूरच्या वकिलांच्या अंगात तेव्हा एक वारं असे. आज ना उद्या आपण कौन्सिलात बसणार, असं प्रत्येकाला वाटे. आमच्या मामाजींना तर फारच. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणत. मामाजींचा जन्म शेतकऱ्याच्या घरचा. घराण्यातले पहिले शिकलेले तेच. धरमपेठेत नवी वस्ती होत होती, तिथे त्यांनी बंगला बांधला होता. सभेत ते "मला", "तुला" बोलत, घरी आले की "मले", "तुले". त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आम्ही सगळेच तसं बोलत होतो. पण सभेतला माणूस आणि घरातला माणूस यांची कधी गाठ पडली असेल, असं मला वाटत नाही.

त्यांचा विषय लोकसंख्या. सीताबर्डीवरच्या वाचनालयातून जाड इंग्रजी पुस्तकं येत. बैठकीच्या खोलीत व्याख्यानाची तालीम चाले. माझे यजमान, म्हणजे त्यांचे थोरले चिरंजीव, तेव्हा कायदा शिकत होते. ते समोर बसून मान डोलवत. त्यांना मान डोलवण्याचं शिक्षण फार चांगलं मिळालं होतं.

"जमीन वाढत नाही, सज्जनहो!" मामाजींचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई. "जिथे ज्वारी होती तिथे कापूस आला. सागाची जंगलं रेल्वेच्या रुळाखाली गेली. आणि माणूस? गिरणीचा भोंगा झाला की रस्त्यावर उभे राहा आणि बघा. ही जी झुंड बाहेर पडते, तिला पृथ्वी किती दिवस पोसणार?"

झुंड म्हणजे गिरणीतली माणसं. मामाजींच्या मते पृथ्वीवर जास्त झालेली माणसं सगळी गिरणीत, नाहीतर कोष्टीपुऱ्यात राहत. धरमपेठेत एकही जास्त नव्हता.

आत स्वयंपाकघरात आत्याबाई बसलेल्या असत. माझ्या लग्नात त्यांच्या मांडीवर दूधपितं पोर होतं. मी सासरी नांदायला आले, तोवर त्याच्या पाठीवरचं रांगत होतं. आणि मी सांगते आहे त्या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा दिवस गेले होते. जिवंत मुलं सात. गेलेल्यांविषयी त्या बोलत नसत. त्यांच्या पायांना सूज असे, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्या शेवटी जेवत. भाजी उरली तर भाजीशी, नाहीतर तेल-तिखटाशी. पृथ्वीचं मला माहीत नाही, पण त्या घरात कोणाला काय पुरत नव्हतं, हे बघायला जाड पुस्तक लागत नव्हतं.

एका दुपारी आम्ही दोघी तुरीची डाळ निवडत होतो. बाहेर तालीम रंगात आली होती. मी माहेरी मराठी सातवी झालेली. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती, आणि मामाजींची सभेची भाषा त्यांच्या कानांवरून नुसती जाई.

"काय म्हणून राहिले वं हे इतक्या जोरानं?" त्यांनी विचारलं.

"म्हणतात, माणसं लय झाली. जमीन पुरत नाही. लोकायनं पोरं कमी होऊ द्यायले पाहिजे."

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, आपल्या पोटाकडे बघितलं. मग पदर तोंडात कोंबून त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, बाई आता पडतात की काय.

"मंग मले काहून नाही सांगत?" त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाले सांगून राहिले."

व्याख्यान झालं. मी गेले होते. बायकांना बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बसायची सोय होती. सभागृह भरलेलं होतं. टोप्या, पगड्या, घड्याळांच्या साखळ्या. प्रश्नोत्तरांत एका वृद्ध गृहस्थांनी उपाय विचारला. मामाजींनी जाकिटाच्या खिशात अंगठा घातला आणि एकच शब्द उच्चारला, "संयम!" टाळ्या झाल्या. विलायतेतली साधनं म्हणजे अनाचार, आपल्या संस्कृतीचा मार्ग संयमाचा, असं ते पुढे म्हणाले, आणि आणखी टाळ्या झाल्या.

मी पडद्याआडून त्या टोप्यांकडे बघत होते. वकीलसाहेबांच्या घरी दर दीड-दोन वर्षांनी पाळणा हलतो, हे तिथल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं. बारशाचे पेढे त्यांनी खाल्ले होते. पण एकानेही विचारलं नाही. विचारणार कसे? प्रत्येकाच्या घरी एक स्वयंपाकघर होतं आणि त्यात कोणीतरी सुजलेले पाय घेऊन बसलं होतं.

आत्याबाई बाळंत झाल्या त्या भर दुपारी. मामाजी कोर्टात होते. सुईण आली होती, मुलगी झाली, पण रक्त थांबेना. सुईणच म्हणाली, "बाई, डाक्टरीण आणा, हे माह्या हातचं नाही." यजमान दारात उभे राहून म्हणाले, "बाबांले विचारल्याशिवाय कसं आणायचं? मिशनची बाई, घरात शिवाशिव..." मी त्यांच्याकडे बघितलं. त्या क्षणी मनात जे आलं ते अजून पुरतं गेलेलं नाही. मी डोक्यावर पदर घेतला, कोपऱ्यावरचा टांगा केला आणि एकटी मिशनच्या दवाखान्यात गेले. लग्नानंतर मी एकटीने ओलांडलेला तो पहिला रस्ता.

डॉक्टरीण आपल्याच भागातली ख्रिस्ती बाई. पांढरं पातळ, बांधा दणकट, बोलणं तोडून. ती आली, तिने सगळ्यांना बाहेर काढलं, मला तेवढं पाणी तापवायला ठेवलं. संध्याकाळपर्यंत ती खाली बसली नाही. आत्याबाई वाचल्या.

मामाजी घरी आले ते डॉक्टरीण हात धूत असताना. बैठकीत उभ्या उभ्याच तिने सांगितलं, "बाई आज वाचली. आणखी एक बाळंतपण झालं तर वाचणार नाही. शरीरात काही उरलं नाही तिच्या."

मामाजींनी हात जोडले. सभेत जोडत तसेच. "सगळं देवाच्या हाती आहे, बाई."

"देवाचं नाव कशाले घेता?" ती म्हणाली. "मी तुमचं नाव घेऊन राहिले."

मी दाराआड होते. यजमान पंख्याच्या दोरीकडे बघत होते, जणू ती त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. मामाजी लाल झाले. सभ्य घरात असं बोलणं शोभत नाही, म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी पिशवी उचलली. "एक तर दवाखान्यात या, उपाय आहेत ते समजावून सांगते. नाहीतर वेगळ्या खोलीत निजा. तिसरा रस्ता स्मशानाचा आहे, आणि तिथे तुम्ही जाणार नाही, ती जाईल."

ती गेल्यावर मामाजींनी बैठक धुवून घेतली. बाई विटाळ करून गेली म्हणून. ज्या हातांनी त्यांची बायको जगवली, त्या हातांचा विटाळ! मग ते स्वच्छ बैठकीत बसले आणि कोणा वर्तमानपत्रासाठी लेख लिहू लागले. विषय तोच.

आत्याबाई दोनेक महिन्यांत उठून बसल्या. तोंडावर अजून रंग नव्हता. एका संध्याकाळी, दिवेलागण नुकतीच झाली होती, मामाजींच्या खोलीतून हाक आली, "अवं, पाय चेपायले ये!" त्या घरात या हाकेचा अर्थ लहान पोरं सोडून सगळ्यांना कळत असे. आत्याबाई तान्हीला पाजत होत्या. हाक पुन्हा आली. त्या उठल्या, तान्हीला खांद्यावर घेतलं, आपली वळकटी काखेत मारली आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी इथं निजू का वं?"

"निजा ना," मी म्हटलं. यजमानांना म्हटलं, "तुम्ही बैठकीत जा."

"अन् बाबांले काय सांगू?" त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं.

"सांगा, जमीन पुरत नाही."

ते गेले. काय सांगितलं कोण जाणे. बहुधा काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी चक्क स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आले. तिथे ते कधी येत नसत. चुलीला कोण फुंकर घालतं, हे त्यांना पुस्तकात सापडलं नव्हतं. आत्याबाई भाकरी थापत होत्या.

"हे काय चालवलं आहे घरात?" ते म्हणाले. घरात असून सभेची भाषा निघाली, म्हणजे राग मोठा होता. "नवऱ्याच्या खोलीत जायचं नाही? कोणी शिकवलं?"

मी सासऱ्यांशी तोवर एक शब्द बोलले नव्हते. पदर सावरून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, हीच रीत. त्या दिवशी मी वळले. "मामाजी, तुम्हीच तर शिकवलं. सभेत म्हणाले होते ना तुम्ही, संयम. आत्याबाईंनं ऐकलं नव्हतं. मी त्यांले सांगितलं."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू घरातला पाटा बोलला होता. मग आत्याबाईंकडे वळले. आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात परातीच्या कडेला पुसले आणि खाली बघूनच म्हणाल्या, "मी नाही येत आता. मारा, काही करा. मले जगायचं हाय."

मामाजींनी मारलं नाही. तेवढा धीर त्यांच्यात नव्हता. ऐकायला शेजार होता. त्यांनी घरचं जेवण सोडलं आणि एका मित्राकडे जेवू लागले. चार दिवसांत घरात कुजबुज पोचली, की वकीलसाहेब दुसरं लग्न करणार. तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. वर्ध्याकडच्या एका खेड्यात मुलगी बघितली म्हणे, माझ्याहून लहान. बघायला सोबत कोण गेलं? त्या व्याख्यानाचे अध्यक्ष. दोघे पोक्त पुरुष आगगाडीत बसून पृथ्वीवरचा भार हलका करायला निघाले होते.

ही बातमी यजमानांनी आईला सांगितली, डोळ्यांत पाणी आणून. आत्याबाई तान्हीचं झबलं शिवत होत्या. "आणू दे," त्या म्हणाल्या. "पण त्या पोरीले अगुदर मले भेटवा. तिले कोणी काही सांगितलं नसन."

मला रात्रंदिवस त्या मुलीचा विचार येई. मी यजमानांना म्हटलं, तुम्ही जाऊन तिच्या बापाला सांगा, घरात काय आहे ते. त्यांनी विचार करतो म्हटलं. ते अजून विचारच करत असते, पण मधे एक पत्रिका आली. अमरावतीला समाजसुधारकांची परिषद भरणार होती आणि एका बैठकीचं अध्यक्षपद मामाजींना देऊ केलं होतं. विषय स्त्रियांची स्थिती. आता अध्यक्ष होऊन बायकांच्या स्थितीवर बोलायचं आणि घरी सवत आणायची, हे त्या परिषदेतल्या लोकांना चाललं नसतं. मामाजींनी दोन दिवस येरझाऱ्या घातल्या. मग खेड्यातल्या त्या माणसाला नकार कळवला. बायकोची दया आली म्हणून नाही, मुलीची आली म्हणून नाही. उंच खुर्ची, गळ्यात हार आणि छापील नाव यांपुढे लग्न फिकं पडलं. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. आमच्याकडे आली नाही एवढंच तिचं नशीब.

त्यानंतर ते बाहेरच्या खोलीत निजू लागले. आत्याबाईंशी कामापुरतं बोलत. आत्याबाईंचं त्याने काही अडलं नाही. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी ताटं मांडायची पद्धत बदलली. सासूला आधी वाढू लागले. कोणी काही बोललं नाही, कारण बोलायचं तर माझ्याशी बोलावं लागलं असतं.

युद्ध आलं, धान्याची टंचाई आली, नियंत्रित भावाच्या दुकानांपुढे माणसं उन्हात उभी राहू लागली. मामाजी त्या रांगांकडे बोट दाखवून म्हणत, "पाहा, मी सांगत होतो." आमच्या कोठीत गावाकडची ज्वारी आणि तूर छतापर्यंत भरलेली होती. रांगेतल्या माणसांची संख्या त्यांना दिसे. कोठीचं दार दिसत नसे. मी एकदा आमच्या धुणंवालीला पायलीभर ज्वारी दिली, तर म्हणाले, अशाने या लोकांची वाढ थांबणार नाही. मी दुसऱ्या दिवशी दोन पायल्या दिल्या.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी ते गेले. शोकसभेत वक्त्यांनी त्यांच्या अभ्यासाची, दूरदृष्टीची स्तुती केली. एकजण म्हणाला, जे बोलले ते त्यांनी आचरून दाखवलं, उतारवयात त्यांनी कडक ब्रह्मचर्य पाळलं. यजमान पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भावाचं लग्न निघालं. माझं माहेर खाप्याचं. मी आत्याबाईंना आणि त्यांच्या त्या शेवटच्या मुलीला सोबत घेऊन गेले. माणूस गेलेली बाई लग्नघरी नको, असं दोघी-तिघी कुजबुजल्या. माझ्या आईने त्यांना गप्प केलं. लग्न उरकल्यावर आत्याबाई परत यायला तयार होईनात. कन्हान नदीच्या वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, लावलेली असत. त्या रोज सकाळी पोरीला घेऊन तिकडे जात, वाडीवाल्याशी हुज्जत घालून एक चांगलं डांगर निवडत आणि पाण्याच्या कडेला बसून दोघी ते संपवत. मी न्यायला गेले तर म्हणाल्या, "तू जाय वं. तुह्यं घर हाय तिथं. मी येईन पाणी पडल्यावर."