खाकी चड्ड्या

आज सुनेचं लक्ष नव्हतं आणि तव्यावर भाकरी करपली. त्या वासासरशी मी मनानं निर्णा गावाच्या पुढच्या एका वस्तीत जाऊन उभा राहिलो.

तेव्हा रझाकारांचे दिवस नुकतेच सरले होते. आम्ही सात मित्र खाकी चड्ड्या घालून सायकलींवर बीदरहून गुलबर्ग्याला निघालो होतो. भर दुपारी पाणी मागायला वस्तीत शिरलो, तर कुठं माणूस न्हाई. कुत्रंसुद्धा भुंकेना. एका उघड्या घरात चूल पेटलेली होती आणि तव्यावरची भाकरी काळी पडत चालली होती.

"माणसं कामून पळाली असतील?" आमच्यातला शिवाप्पा हळूच म्हणाला. "कोण आलंय रे?"

जे कोण आलंय ते इथंच कुठंतरी असणार, या भीतीनं मला मागं वळून बघवेना.

तेवढ्यात त्या घरात, आतल्या दाराला पाठ लावून उभी असलेली म्हातारी दिसली. लुटायला येणाऱ्या टोळ्यांसारख्याच आमच्या खाकी चड्ड्यांकडं बघत तिनं हात जोडले.

"काय पायजे ते न्या, अप्पा. लेकीला तेवढं हात लावू नगा."

दारामागं बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या.

आम्ही पाणी न मागताच निघालो. आम्ही कोण, हे सांगायला सातांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. ती लेक माझ्या मनात अजून त्या दारामागंच बसलेली आहे.