येरमाळ्याच्या माळावरची छागळ

हैदराबादहून पुण्याला निघालो ते सकाळी नऊला, म्हणजे वैशाखात उशिराच. विमान दोन माणसांचं, वर छप्पर नाही. पुढे मी, मोजणी खात्यात नकाशे काढणारा. मागे वैमानिक जाफर. विमानतळावरच्या नळापाशी मी ओंजळ धरली, तर त्यानं माझा हात धरला.

"तीन घंटे उतरना नै. पानी पिये तो फिर क्या करते, मियाँ?" (तीन तास उतरायचं नाही. पाणी प्यालो तर मग करणार काय?)

मला ते पटलं. म्हणून मीही प्यालो नाही. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

वर गार वारा होता. घाम लगेच वाळायचा, तेव्हा आपल्याला तहानच नाही असं आम्ही धरून चाललो. तुळजापूरचे डोंगर डावीकडे मागे पडले आणि विमान एका अंगाला कलू लागलं. वळून पाहतो तो जाफरची मान डुलतेय! भीतीनं काळजाचं पाणी झालं; विमानात पाणी काय ते तेवढंच. मी ओरडलो, नकाशाची गुंडाळी त्याच्या डोक्यात हाणली. तो दचकून जागा झाला, येरमाळ्याचा मोकळा माळ बघून कसाबसा उतरला आणि पंखाखाली आडवा झाला.

शेळ्या सोडून एक म्हातारी धावत आली.

"इमान मोडलं व्हय?"

"विमान धड आहे, मावशी. चालवणाऱ्याला ऊन लागलंय. पाणी प्यालो नाही आम्ही, मुद्दामच."

"अन् शिकल्याली मानसं म्हनं!"

तिच्या खांद्याला छागळ (पाझरून पाणी गार ठेवणारी कातडी पिशवी) होती. तिनं पदर भिजवून जाफरच्या डोक्यावर ठेवला, कांदा ठेचून तळपायांना चोळला आणि कनवटीचा गूळ त्याच्या तोंडात घातला. "नुस्तं पानी देत न्हाय आमी. आदी गूळ खा. आता घोट घोट पे." आम्ही दोघांनी छागळ संपवली.

रात्र पंखाखालीच काढून दुसऱ्या दिवशी उजाडतानाच निघालो. तिनं भरलेली छागळ विमानात बांधली. "रिकामी आणून दे. पानी ऱ्हायलं तर हितं उतरायचं न्हाय."

जाफर निमूटपणे पीत राहिला. त्यापायी भूमच्या माळावर एकदा उतरावं लागलं, दोघांनाही. बस, एवढ्याचाच बाऊ होता.

चार दिवसांनी परतताना तो येरमाळ्याला उतरला आणि म्हातारीपुढे छागळ उलटी धरली. थेंब पडला नाही. ती हसली, छागळ घेऊन पाण्याला चालू लागली.

"विहीर कुठं आहे, मावशी?"

"हाय की कोसभर."

म्हणजे त्या दिवशी आम्ही तिचं दिवसभराचं पाणी पिऊन बसलो होतो. मला फार लाज वाटली.

जाफरनं तिच्या हातातून छागळ घेतली. "अम्मा, तुम बैठो." हैदराबादेत नळापाशी पाणी नाकारणारा हा माणूस भर उन्हात कोसभर चालत गेला. परत आला तेव्हा छागळ तोंडापर्यंत भरलेली होती. ती त्यानं म्हातारीच्या खांद्याला अडकवली, आणि तिच्यापुढे गुळासाठी हात पसरला.