नमाजचा रकाना

चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर कोर्टाने सोडलेल्या लोकांवर नजर ठेवणं हे माझं काम. या कामात मी केलेले गाढवपणे पुष्कळ आहेत, पण भातकुलीकडच्या त्या गावातला सगळ्यांत सरस.

तिथले दोघे चुलतभाऊ विहिरीवरच्या मोटरीची केबल चोरताना सापडले होते. दोघेही मुसलमान, कोरडवाहू शेतीवाले. एका प्रशिक्षणात कोणीतरी सांगितलं होतं की धर्माची ओढ असलेला माणूस सहसा पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाही. मला ते फार पटलं. परत येऊन मी वहीत लाल शाईने नवा रकाना आखला : नमाज. फक्त या दोघांच्या पानांवर. बाकीच्यांना मी कधी देवळाचं विचारलं नव्हतं. मी स्वतः मारुतीला जातो ते बदल्यांच्या महिन्यात.

एका शुक्रवारी मशिदीसमोरच्या टपरीवर वही उघडून बसलो. चहावाल्याने चहा दिला नाही आणि मीही पुन्हा मागितला नाही. येणारेजाणारे माझ्याकडे असे बघत होते, जणू आता चपला मीच उचलून नेणार. थोरला चुलतभाऊ पांढरीशुभ्र टोपी घालून पहिल्या रांगेत बसला. मी खूण केली. धाकटा आलाच नाही.

तो शेतात कपाशी वेचत होता. जुम्म्याला का आला नाहीस, म्हणून मी दरडावलं. त्याने मान वळवली नाही की हात थांबवला नाही.

"ते माया अन् अल्लाचं हाय. तुमी मधात कोन?"

मला हे लागलं. त्याच रागात बांधावर बसून अहवाल लिहिला : धार्मिक प्रेरणेचा अभाव, पुन्हा गुन्हा करण्याची दाट शक्यता. थोरल्याची मात्र तोंडभरून स्तुती. कोर्टाने धाकट्याला नोटीस काढली, बंधपत्र रद्द करून शिक्षा का देऊ नये. तेवढ्यात थोरला तिवशाजवळ पुन्हा केबलसकट पकडला गेला. टोपी डोक्यावरच होती, असं हवालदाराने मला मुद्दाम कळवलं.

धाकटा माझ्या कार्यालयात आला. प्लास्टिकच्या पिशवीतून बंधपत्र काढून त्याने टेबलावर ठेवलं.

"चार नंबर वाचा."

मी वाचलं. सहआरोपीला भेटणार नाही.

"गावात मज्जिद एकच हाय."

मग शेजारच्या गावात जायचं होतंस, मी म्हणालो. त्याने बोट वर सरकवलं.

"दोन नंबर."

परवानगीशिवाय गावाबाहेर जाणार नाही. दोन्ही अटी मीच सुचवलेल्या, मसुदा माझ्याच हातचा. तो एवढे महिने शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली एकटा नमाज पढत होता, हे आता त्याच्याच तोंडून कळलं.

"मले सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. घाबरलो की माझ्या तोंडून आपसूक वऱ्हाडी निघते.

"तुमी इचारलं कुठी? तुमी तं लिवून राहिले व्हते."

तारखेला मी अहवाल मागे घेतला. मॅजिस्ट्रेट बाईंनी आधी तो मला भर कोर्टात उभं करून वाचायला लावला आणि माझी वही चाळत विचारलं, हा नमाजचा रकाना बाकीच्यांच्या पानांवर का नाही? मग त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि नोटीस रद्द केली.

बाहेर व्हरांड्यात मी मोठ्या मनाने त्याला म्हणालो, जुम्म्याला बाहेरगावी जायची कायमची परवानगी लिहून देतो. मला वाटलं, आता तरी हसेल.

"परवानगी द्या, ते तुमचं कामच हाय. पन वहीतला तो खाना काढा. मी मज्जिदीत गेलो का नाही, ते तुमी लिवाचं नाही."

मी त्याच्यासमोर रकान्यावर काट मारली. पट्टी नव्हती, रेघ वाकडी आली. ती शेवटपर्यंत जाते की नाही ते पाहून तो गेला.

अजूनही दर महिन्याला येतो. मी खुर्ची पुढे करतो. तो उभ्यानेच सही करतो, आणि त्याआधी काट मारलेलं ते पान उलटून बघतो.